दसऱ्याला धुतलेली गिटार

माझी गिटार एकदा पावडर टाकून धुतली गेलेली आहे. ओल्या फडक्यानं पुसली वगैरे नाही, धुतली. पोटात दोन तांबे पाणी ओतून, घागर विसळतात तशी खळबळून, दोनदा, आणि मग गोधड्यांच्या शेजारी गच्चीवर पालथी घालून. हे मी कुणाला सांगितलं की माणसं आधी हसतात, आणि मग ही बाई एवढं शांतपणे कसं सांगतेय म्हणून माझ्याकडे बघत राहतात. मी काही शांत बाई नाही. नाकावर राग कुणाच्या असतो असं वालुरात विचारा, कुणीही आमच्या दाराकडे बोट दाखवेल. पण अकरा वर्षं भांडून मला जे मिळालं नव्हतं ते त्या एका धुण्यानं मिळवून दिलं. त्या दिवसाची आठवण काढताना आता मला रागच येत नाही.

ती गिटार माझ्याकडे आली ती शाळेच्या ढोलामुळे. वालुरापासून थोड्या अंतरावरच्या एका लहान गावातल्या शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. लेझमीच्या ढोलाचं कातडं फाटलं होतं आणि ते बदलून आणायचं काम, शाळेतली सगळी किरकोळ कामं येतात तसं, माझ्या गळ्यात आलं होतं. सेलूला एक म्हातारे गृहस्थ होते. एकेकाळी त्यांची बँडपार्टी होती. लग्नात डीजे आले, पार्टी बसली, आणि ते घरातच ढोल-ताशांची कातडी बदलून द्यायला लागले. त्यांच्या भिंतीवर चेपलेल्या दोन ट्रम्पेटांच्या मधे एका खिळ्याला ही लटकत होती. सहापैकी चारच तारा, त्याही गंजलेल्या.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"आता कोणाचीच न्हाई. लय जुनी हाय बाई, निजामाच्या काळातली."

आमच्या भागात ज्या वस्तूचं वय कुणाला माहीत नसतं ती सरळ निजामाच्या नावावर जमा होते. गिटार काही एवढी जुनी नव्हती. असेल पन्नास-साठ वर्षांची, कलकत्त्याकडे बनलेली. आतल्या कागदावर कारखान्याचं नाव पार उडालं होतं, गावाचं तेवढं कसंबसं वाचता येत होतं. मी सहज अंगठा फिरवला. उरलेल्या चार तारा बेसूरच वाजल्या, पण त्यांच्या मागून लाकडाचा एक खोल आवाज आला आणि बराच वेळ राहिला. अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं, असं काही मी म्हणणार नाही. मला फक्त एवढं वाटलं की हिला इथं टांगलेली सोडून मी घरी जाऊ शकत नाही. त्या वर्षी दिवाळीला मी साडी घेतली नाही, एवढीच तिची किंमत.

दिसायला ती काही देखणी नाही. मध्यभागी तांबूस आणि कडेला काळपट होत गेलेला रंग, वर उजव्या कोपराच्या जागी तो पार उडून पांढरं लाकूड दिसतं. म्हणजे माझ्या आधी कुणीतरी तिथं वर्षानुवर्षं हात टेकून बसलेलं आहे. मी त्या माणसाला कधी पाहिलं नाही, पण माझं कोपर नेमकं तिथंच टेकतं. तारा पिळायच्या सहा चाव्यांपैकी एक तुटलेली होती. आमच्या यजमानांचं पंपाच्या जळलेल्या मोटारी नव्या तारा गुंडाळून भरायचं दुकान आहे, वालुरातच रस्त्याला. त्यांनी एका मोडक्या रेडिओचं बटण काढून तिथं बसवून दिलं. ते अजून चालतं. आवाज वाढवायचं बटण होतं ते, आणि आता खरोखरच त्यानं सूर चढतो, याचं त्यांना फार कौतुक.

मोबाइलवर बघून बघून मी शिकले. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. मग एक दिवस तिला स्कूटीवर पुढ्यात घेऊन शाळेत नेली आणि चिमणीच्या कवितेला तीन सूर लावले. पहिलीचा वर्ग, ज्याला गप्प करायला मला रोज घसा कोरडा करावा लागतो, तो वर्ग तोंडात बोटं घालून बसला. त्या दिवसापासून गिटार नाही तर कविता नाही, असा पोरांनी नियमच केला. पाढेसुद्धा मी तिच्यावर म्हणवून घेते. बाराचा पाढा तिच्यावर जसा चढतो तसा छडीनं कधी चढला नसता.

एक मात्र दुखणं होतं. तिसरी तार मानेवरच्या दुसऱ्या पट्टीवर दाबली की आतून भुर्रर्र असा आवाज यायचा. पोरांनी ठरवून टाकलं की आत भुंगा राहतो. "बाई, भुंगा आला, भुंगा आला!" म्हणून सगळा वर्ग ओरडायचा. पोरांना मजा, मला लाज. मी तिला घेऊन परभणीला गेले. वाद्यांच्या दुकानातल्या माणसानं तिच्याकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. "गिटारीला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "बोटात जोर पाहिजे, मॅडम. बायकांचं असंच होतं." राग तर असा आला, पण त्याचं मी खरं मानलं. चार वेळा भाकरी थापणाऱ्या, पाण्याच्या कळशा उचलणाऱ्या बाईच्या बोटात जोर नाही म्हणे! तरी मानलं. अकरा वर्षं मी ती तार बोट निळं होईपर्यंत दाबत आले, आणि अकरा वर्षं भुंगा बोलत राहिला.

आता घरातलं दुसरं दुखणं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, जन्मभर शेती केलेला माणूस. बैल विकले, वावर बटईनं दिलं, पण अवजारं एकही विकलं नाही. खंडेनवमीला ती सगळी बाहेर निघतात. ओसरीत धुतलेल्या घोंगड्यावर मामा त्यांची रांग मांडतात आणि त्या रांगेत कुणी कुठं बसायचं हे तेच ठरवतात. आधी तिफणीचा फण, मग कुळवाची पास, कुऱ्हाड, विळे, खुरपी. मग आमच्या यजमानांचं तारा गुंडाळायचं यंत्र आणि पकडी. आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, भाजी चिरायची विळी. आणि शेवटी माझी खडूची पेटी आणि लाल पेन. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी अवजाराला सुट्टी. भाजी आत्या आदल्या दिवशीच चिरून ठेवतात. मोटार जळली म्हणून कुणी धावत आलं तरी आमचे यजमान हात जोडून "उद्या" म्हणतात. एका वर्षी मी हजेरीवर लाल सही करायला पेन उचललं, तर मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते निमूट जागेवर ठेवलं.

गिटार घेतली त्याच वर्षी मी ती नवमीला आणून पेटीशेजारी ठेवली. मामांनी ती उचलून परत माझ्या हातात दिली.

"ही कामून इथं?"

"मामा, मी शाळेत हिच्यावर शिकवते."

"ते खडूनं शिकवायलात तुमी. ही करमणूक हाय. इथं ज्याच्यावर घर चालतं तेच बसतंय."

एवढंच. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. भांडायला जागाच ठेवली नाही, त्याचाच मला जास्त राग. दरवर्षी मी विचारायची आणि दरवर्षी ती आतल्या खोलीतल्या खिळ्यावर परत जायची. लोकांना वाटेल एवढं काय त्यात. पण मला ती रांग हवी होती. माझ्या गिटारीला कुणी छान म्हणावं, जुनी म्हणावं, दुर्मीळ म्हणावं, यातलं मला काही नको होतं. ज्या माणसाच्या शब्दावर आमच्या घरात वस्तूची पत ठरते, त्यानं तिला अवजार म्हणावं, एवढंच हवं होतं.

मग तो शनिवार आला.

आमच्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात. दसरा काढायचा म्हणजे घरातलं जे जे धुता येईल ते ते धुवायचं. गोधड्या, पडदे, डबे, देवांचे पाट, उतरंडीची भांडी, फळ्या, फोटोंच्या काचा. पूर्वी बैलगाडीत घालून नदीवर न्यायचे, आता बोअरची मोटार चालू करून गच्चीवर होतं. आत्या त्या दिवसांत एका वेगळ्याच अंगात असतात. पदर खोचलेला, हातात घासणी, डोळ्यांत तेल घालून घरभर मळ शोधत हिंडणार. सत्तरीची बाई, पण मलाही मागे टाकते. आमचे यजमान एकदा मोबाइल ओट्यावर विसरले होते, तो सुदैवानं वेळेत सापडला.

शनिवारी सकाळची शाळा. ढोलाच्या तालावर कवायत होती म्हणून गिटार घरीच होती. मी दुपारी आले, जिना चढून गच्चीवर गेले तर गोधड्यांच्या रांगेत, चटणीच्या बरणीशेजारी, माझी गिटार पालथी. तिच्या भोकातून थेंब थेंब पाणी गळत होतं. तारा काढून त्यांची नीट गुंडाळी करून विटेखाली ठेवलेली.

"लय घाण निघाली गं आतून," आत्या कौतुकानं म्हणाल्या. "काळं पाणी! पावडर टाकून दोनदा हालवलं. किती वर्षाची धूळ होती काय म्हाईत."

मी काही बोलायच्या आत कट्ट असा आवाज झाला. उन्हानं तिची पाठ खालच्या बाजूनं सुटली आणि उघडून वर आली.

त्यानंतर मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेजारच्या गच्चीवर धुणं वाळत घालणाऱ्या बायका धुणं टाकून खाली गेल्या, यावरून ओळखावं. आत्यांना मी उलटून बोललेली ती पहिली वेळ नव्हती, पण रडत बोललेली पहिलीच होती. त्या घासणी हातात धरून तशाच उभ्या. "मी काय मुद्दाम केलं का?" एवढं एकदा म्हणाल्या. मग खाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मीही नाही.

संध्याकाळी यजमान आले. त्यांनी गिटारीची उघडी पाठ पाहिली, दोघींची तोंडं पाहिली आणि मोटारीच्या माणसाला सुचतं तेच सुचवलं. "जाऊ दे, नवीन मागवू. याच्यापेक्षा चांगली येते, घरपोच."

"नको."

"अगं, नव्या-"

"नको म्हणलं ना. नव्या गिटारीवर माझं कोपर टेकायची जागा आहे का?"

त्यांना कळलं नाही. पण खाटेवर बसलेल्या मामांनी मान वर केली. ते उठले, गिटार उचलली, उजेडात नेऊन तो उडालेला रंग अंगठ्यानं चाचपला. त्यांच्या तिफणीच्या मुठीवर अशीच जागा आहे, त्यांच्या बापाच्या हातानं झिजलेली. ते तसं काही म्हणाले नाहीत. म्हणाले ते भलतंच.

"घरात दोन बाया तोंड फिरवून बसल्यात. घट कसा बसंल असा? ही ठीक करावी लागंल."

"तुम्हाला येतं?" मी विचारलं. आवाजात धार होतीच अजून.

"गिटार न्हाई येत. लाकूड येतंय."

आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओसरीत दवाखाना उघडला. यजमान म्हणाले, मोटारीची वायंडिंग सुकवायला माझ्याकडे बल्बाची पेटी आहे, त्यात ठेवू, एका रात्रीत कोरडी होईल. मामांनी त्यांना झटकून टाकलं. "लाकूड सावलीत वाळवायचं. घाई केली की पीळ घेतंय." मग तिला कोठीच्या खोलीत, ना ऊन ना ओल अशा जागी, दोरीवर आडवी ठेवली. पाठ वेगळी, अंग वेगळं. मामा रोज दोनदा जाऊन बोटानं वाजवून बघायचे, आंबा पिकला का बघतात तसं. मंगळवारी घट बसला तरी लाकूड ओलंच होतं.

मी शाळेतून आले की त्यांच्यापाशी जाऊन बसायची. आत्यांशी माझं बोलणं कामापुरतंच होतं. पण सकाळचा पहिला चहा, जो इतकी वर्षं मामांच्या पुढ्यात जायचा, तो आता माझ्या पुढ्यात येत होता. मी तो न बघितल्यासारखा करून पीत होते. तिसऱ्या माळेला मी देवघरापाशी काही ठेवायला गेले तर आत्या घटापुढे हात जोडून पुटपुटत होत्या. "बाई, माझ्या सुनेचं ते खेळणं नीट होऊ दे." मला हसू आलं आणि राग पण आला. देवीपुढे सुद्धा खेळणंच! मी पाय न वाजवता मागे फिरले. त्या दिवशी संध्याकाळी मीच त्यांना, उपवासाला भगर टाकू का, म्हणून विचारलं. अबोला तिथं संपला.

आणि पाचव्या माळेला मामांनी मला हाक मारली.

"मास्तरीणबाई, इकडं या. हे बगा."

लाकूड वाळलं होतं. मामांनी उघड्या अंगात बॅटरी मारली. वरच्या फळीला आतून आडव्या पट्ट्या असतात, फळी वाकू नये म्हणून. त्यातल्या एका पट्टीच्या टोकाखाली मामांनी पत्र्याचा तुकडा सरकवला. तो सहज आरपार गेला.

"ही सुटलेली हाय."

"धुतल्यामुळे?"

"न्हाई. धुण्यानं सुटलं ते लाकूड आतून पांढरं हाय. हे बगा, हितं काळं पडलंय, धूळ बसून बसून. लय जुनं सुटलेलं हाय हे. तुमी घ्यायच्या आदीपासून." त्यांनी पट्टीच्या टोकाला नख मारलं. भुर्रर्र. "हा तुमचा भुंगा."

अकरा वर्षं! माझ्या बोटाचा दोष नव्हता. बाई म्हणून नव्हता, वय झालं म्हणून नव्हता, शिकवायला गुरू नाही म्हणून नव्हता. मी बरोबर दाबत होते. पहिल्या दिवसापासून बरोबर दाबत होते. मी माझं घट्टा पडलेलं बोट उलटसुलट करून बघत राहिले आणि मला एवढा आनंद झाला की परभणीच्या त्या दुकानदाराला आत्ताच्या आत्ता फोन लावावा असं वाटलं. नंबर नव्हता म्हणून तो वाचला.

"तो म्हणाला होता, माझ्या बोटात जोर नाही," मी मामांना सांगितलं.

मामा हसले. "जोर न्हाई म्हणं. परवा गच्चीवर त्यो असायला पायजे होता."

प्रश्न राहिला सरसाचा. यजमान बाजारातला पांढरा डिंक आणायला निघाले होते. मामा म्हणाले, जे आधी होतं तेच लावायचं. जुने सुतार लाकूड जोडायला सरस लावायचे, हाडा-कातड्यापासून केलेला. तो पाण्यानं आणि उन्हानं सैल होतो, आणि म्हणूनच धुवून गच्चीवर ठेवल्यावर सुटला. यजमानांनी सेलूला जुन्या फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडून त्याचे तुकडे आणले. आता तो शिजवायचा म्हणजे एक घाण वास सुटतो. घरात घट बसलेला, आत्या नऊ दिवस अनवाणी आणि उपाशी, घर कोपरान् कोपरा धुतलेलं. मामांनी फाटकाच्या बाहेर लिंबाखाली तीन विटा मांडल्या आणि माझ्याकडे बघितलं. विस्तव मागायला आत कोण जाणार? मी तर जाणार नव्हते.

सहावी माळ होती, रविवार. आम्ही दोघं काटक्या पेटवायची खटपट करत होतो, त्या ओल्या होत्या. एवढ्यात फाटक वाजलं. आत्या आल्या. अनवाणी, हातात जुनं खापर आणि त्यात अंघोळीच्या चुलीतला रसरशीत विस्तव.

"अगं, वास सुटतोय हां," मामांनी सांगून ठेवलं.

"सुटू द्या. देवीला सांगितलंय मी. ती काय म्हणत न्हाई." खापर विटांमधे ठेवून त्या नाकाला पदर लावून तिथंच उभ्या राहिल्या, सरस पातळ होईपर्यंत.

त्या दिवशीचं काम आम्ही चौघांनी मिळून केलं. आधी आतली पट्टी. मामांनी बारीक ब्रशनं सरस भरला आणि तिला आतून बांबूच्या कामटीचा टेकू दिला. मग पाठ. सरस गार व्हायच्या आत सगळी कड जुळायला हवी होती. मी अंग धरलं, मामांनी पाठ बसवली आणि यजमानांनी ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या त्या ताणून ताणून तिच्याभोवती गुंडाळल्या. तारा गुंडाळण्यात ज्याचा जन्म गेला त्याचा हात तो, एक पदर इकडचा तिकडे झाला नाही. आत्या बाजूनं सांगत होत्या, "हितं ढिली हाय, हितं." आणि खरंच ढिली असायची. काळ्या रबरात गुंडाळलेली गिटार मग दोन दिवस कोठीत झोपून राहिली. मी शाळेत पाढे नुसत्या तोंडानं घेतले, पोरं फार नाराज झाली.

अष्टमीला शाळा सुटल्यावर मी आले तेव्हा रबर सोडलेलं होतं. मामांनी कडेला बाहेर आलेला सरस तासून काढला होता आणि जवसाच्या तेलाचं बोट सगळीकडून फिरवलं होतं. फक्त उजव्या कोपराची जागा त्यांनी होती तशी सोडली होती. मी नव्या तारा चढवल्या. रेडिओचं बटण पिळून शेवटची तार सुरात आणली. तिघं समोर बसलेले. मी दुसरं काही वाजवलंच नाही. तिसरी तार, दुसरी पट्टी, बोट नेहमीइतकंच दाबलं आणि छेडली.

स्वच्छ सूर. आत भुंगा नाही, काही नाही. लाकडाचा तो खोल आवाज, जो सेलूला चार गंजक्या तारांमागून आला होता, तो आता सगळाच्या सगळा बाहेर आला आणि ओसरीत भरून राहिला. मी परत वाजवली. परत. दहा वेळा वाजवली असेल. मग मी अशी हसायला लागले की थांबेचना. यजमानांनी टाळी दिली. आत्यांनी दोन्ही हात गिटारीवरून उतरवून कानशिलाला बोटं मोडली.

मामा तेवढे उठून आत गेले. जाता जाता म्हणाले, "आता बोलली." मला वाटलं होतं ते आणखी काही म्हणतील. मी गिटार खिळ्यावर टांगली. उद्या नवमी आहे हे मला माहीत होतं, पण या वर्षी विचारायचं नाही असं मी ठरवलं. ज्या माणसानं दहा दिवस तिच्यासाठी घालवले त्याच्याशी मला तो वाद घालायचा नव्हता. भुंगा गेला होता, बोटाचा दोष पुसला गेला होता. पुरे होतं.

नवमीच्या सकाळी मी पुरण शिजवण्यात होते. ओसरीत मामांचं मांडणं चाललेलं ऐकू येत होतं. मी तिकडे गेलेच नाही. दहाच्या सुमाराला गल्लीतल्या बायका आल्या, त्या गच्चीवरून पळालेल्या दोघीही होत्या. गिटार धुतल्याची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती, आणि ती परत बोलायला लागली हीसुद्धा.

"वाजवून दाखवा की बाई," एक म्हणाली. "बगू तरी धुतलेली गिटार कशी वाजतीय!"

त्यांच्या हसण्यात चेष्टा होती आणि मला हेच पाहिजे होतं. अकरा वर्षं ह्याच बायका माझ्या भुंग्याला हसल्या होत्या. मी हात पुसत तरातरा आतल्या खोलीत गेले. खिळा रिकामा होता.

मी ओसरीत आले. घोंगडं अंथरलेलं, त्यावर रांग. तिफणीचा फण, आणि त्याच्या शेजारी, कुळवाच्या पाशीच्याही आधी, माझी गिटार. तेलानं चमकत होती. मानेला झेंडूची माळ, उडालेल्या रंगाच्या पांढऱ्या जागेवर हळदकुंकवाचं बोट. मी तिथंच उभी राहिले. मागून बाया आल्या. मामा नुकतेच उदबत्ती फिरवून बसले होते.

"मामा, ह्यांना ऐकायची आहे," मी म्हणाले. "वाजवू का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. लाल पेन उचललं होतं त्या वर्षी पाहिलं होतं, तसंच.

"आज तिला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "औजार हाय ते. उद्या या सगळ्याजणी."

बायकांनी रांगेला हात जोडले. आत्या मात्र स्वयंपाकघराच्या दारातून, पळी हातात घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "औजारं धुतल्याबिगर पुजत असतेत का? मी तर आदीच धुतली होती. ह्यांनाच उशिरा कळलं!"

मग जे हसणं सुरू झालं त्यात मामाही होते. मी एवढंच केलं, की गिटारीपुढे गुडघे टेकून नमस्कार केला आणि हात मांडीवर ठेवून तिथंच बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच सगळी गल्ली माझी गिटार ऐकायला थांबली होती आणि मला ती वाजवायची परवानगी नव्हती. मी फार फार खूश होते.